कशावरून म्हणता?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि हे सगळं अजून शिकत असलेली मुलं यांच्यासाठी मी चित्रं, लेखन आणि नाटक यांच्या कार्यशाळा घेते, आणि तिथे कुणाला चित्र काढता यावं लागत नाही. त्यावर पत्रं आली. काही रागावलेली आहेत. ती आधी घेते, कारण रागावलेला माणूस प्रश्न नेमका विचारतो. माझी लायकी विचारणाऱ्यांसाठी: ३१ वर्षं नर्सिंगमध्ये, पहिली ११ वॉर्डात आणि पुढची २० सिस्टर-ट्यूटर, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका म्हणून. शाळेत चित्रकलेत नापास. नाटकात एकदाच काम केलं, प्रॉम्प्टरचं.

प्रश्न : मी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा आमची दोन तासांची कार्यशाळा झाली, हजेरी सक्तीची. एका मॅडमनी पडद्यावर जुनं चित्र लावलं आणि आम्ही पाऊण तास त्याकडे बघत बसलो. माझं फार्माकॉलॉजीचं जर्नल अपुरं आहे, व्हायवा तोंडावर आलीय. त्या पाऊण तासात मला काय मिळालं ते कळलेलं नाही. चिडून नाही, प्रामाणिकपणे विचारतोय.

उत्तर : चिडूनच विचारताय, आणि त्यात काही गैर नाही. सक्तीच्या हजेरीचा मलाही राग येतो. अशा वर्गात पहिली वीस मिनिटं लोकांच्या कपाळावरच्या आठ्या उतरण्यातच जातात.

तुम्हाला कुठलं चित्र दाखवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी नेहमी वापरते ते पिकासोचं, त्याने १८९७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी रंगवलेलं. ‘सायन्स अँड चॅरिटी’ या नावाने ते ओळखलं जातं. मूळ चित्र बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयात आहे, जवळजवळ दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद. आकार मुद्दाम सांगते, कारण मुलं प्रोजेक्टरवरच्या चित्राला पोस्टकार्डाइतकाच वेळ देतात. खाटेवर एक आजारी बाई. शेजारी डॉक्टर बसलेला, एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात घड्याळ. (या डॉक्टरसाठी पिकासोने आपल्या वडिलांनाच बसवलं होतं.) पलीकडे एक बाई उभी, कडेवर मूल, आणि आजारी बाईपुढे धरलेला कप.

मी काही न सांगता चित्र लावते आणि विचारते, काय चाललंय इथे? पहिलं उत्तर दर वेळी तेच येतं: ‘आई आजारी आहे, डॉक्टर पल्स बघतायत, नर्सने तिच्या बाळाला घेतलंय.’ चार सेकंदांत निदान. मग मी विचारते, कशावरून? ती आई कशावरून? मूल तिचंच कशावरून? उभी आहे ती नर्स कशावरून? इथे वर्ग गप्प होतो. उभी असलेली बाई नन, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी आहे, वेष नीट बघितला तर कळतं. ननलाही सिस्टरच म्हणतात, पण सिस्टर म्हटलं की आमच्या लोकांना एकच सिस्टर आठवते, त्याला मी तरी काय करणार. मग हळूहळू मंडळी बघायला लागतात. कुणाला आजारी बाईचा हात दिसतो, लांबट, जीव नसल्यासारखा. कुणी म्हणतं, डॉक्टर पेशंटकडे बघतच नाहीये, घड्याळाकडे बघतोय, किती कोरडा माणूस! त्यावर एकदा मागच्या रांगेतली एक मुलगी फटकन म्हणाली, ‘अहो, तो मोजतोय. मोजताना तोंडाकडे बघितलं की आकडा चुकतो.’ ती त्याच आठवड्यात पल्स घ्यायला शिकली होती. बाईची नजर नक्की कुठे आहे यावरून तर प्रत्येक बॅचमध्ये भांडण होतं. मी ते सोडवत नाही.

इथे काय चाललंय, हे तुम्ही कशावरून म्हणता, आणखी काय दिसतंय, हे तीन प्रश्न माझे नाहीत. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि संग्रहालयांत शिक्षणाचं काम केलेले फिलिप येनावाइन यांनी बसवली, तीही डॉक्टरांसाठी नव्हे, चित्रं बघायला येणाऱ्या साध्या लोकांसाठी. वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांपुढे उभं करणाऱ्यांत येल विद्यापीठाचं नाव मोठं आहे. तिथले त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन यांच्या लक्षात आलं की मुलांना पेशंटचं वर्णन धड करता येत नाही. ओळखीचं काही दिसलं की माणूस बघायचं थांबतो. अनोळखी वस्तू पुढे ठेवली तर त्यातलं महत्त्वाचं काय हे माहीत नसतं, म्हणून तो सगळंच सांगत सुटतो. हीच मेख धरून त्यांनी येलच्या ब्रिटिश कला संग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्याबरोबर विद्यार्थ्यांना तिथल्या चित्रांपुढे उभं केलं. त्याचा अभ्यास २००१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता वॉर्डातलं सांगते. अशा एका सत्रानंतर माझ्या एका विद्यार्थिनीने सकाळच्या ओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, सांगितलं, ‘सात नंबरचे आजोबा सलाइन लावलेल्याच हाताने सगळं करतात. दुसरा हात वापरतच नाहीत.’ इन्चार्ज सिस्टर दचकल्या. उजव्या बाजूची ताकद गेली की काय? रेसिडेंट डॉक्टर धावत आला, दोन्ही हातांनी बोटं दाबायला लावली, पाय उचलायला लावले, हसायला लावलं. सगळं ठणठणीत. आजोबा जन्माचे डावखुरे होते. ॲडमिट होऊन ११ दिवस झाले होते, आणि खाट उजव्या बाजूने भिंतीला टेकलेली असल्यामुळे सुई दर वेळी डाव्याच हाताला लागत होती. म्हणून लाइन सारखी निघत होती, आणि केसपेपरवर शेरा होता, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. थोर निदान वगैरे काही झालं नाही. खाट फूटभर पुढे ओढली आणि सुई उजव्या हाताला गेली.

तुमच्या पाऊण तासात तुम्हाला काय मिळालं? कदाचित काहीच नाही. स्टेथोस्कोप पहिल्यांदा कानाला लावलात तेव्हा मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला होता का? जर्नल मात्र पूर्ण करा, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मी संशोधनपद्धती शिकवते. कलेने डॉक्टर संवेदनशील होतात, असं सगळीकडे ऐकते. पुरावा काय?

उत्तर : ‘संवेदनशील होतात’ हे वाक्य माझं नाही आणि मी ते कुणाला वापरूही देत नाही. बघणं आणि वर्णन करणं सुधारतं, याला थोडा आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ३६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात दीड-दीड तासाची सहा सत्रं केली, दुसऱ्याला असं काही शिकवलं नाही. चित्रांचं आणि डोळ्यांच्या आजारांच्या छायाचित्रांचं वर्णन करण्यात पहिला गट पुढे गेला. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तुम्ही विचाराल तेच मीही विचारते: माणसं ३६, आणि मोजलं ते वर्णन. पेशंटचं पुढे काय झालं, ते त्यात नाही.

सहानुभूतीचं मोजमाप त्याहून अवघड. अमेरिकेतल्या जेफर्सन मेडिकल कॉलेजचा २००९चा अभ्यास याबाबतीत नेहमी सांगितला जातो. तिथे सहानुभूतीचा गुणांक तिसऱ्या वर्षी घसरला, म्हणजे नेमका मुलं पेशंटजवळ जायला लागली तेव्हा. पण तो गुणांकही मुलांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीतला. कार्यशाळा संपता संपता भरून घेतलेल्या फॉर्मवर तर माझा काडीचा विश्वास नाही. लोक निघायच्या घाईत असतात, सगळ्याला पाचपैकी पाच देतात.

प्रश्न : मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. एका नर्समागे जितके पेशंट असावेत त्याच्या दुप्पट बघतो. वरिष्ठांनी ‘ताणमुक्तीसाठी कला’ अशी कार्यशाळा ठेवली, तीही आमच्या ऑफच्या दिवशी. छापील नक्षीत रंग भरायचे होते. फोटो काढले गेले. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : नाही गं बाई. ऑफच्या दिवशी बोलावलं तर ती कार्यशाळा नाही, ती बिनपगारी ड्युटी. रंग भरायला माझी ना नाही, ज्याला आवडतं त्याने जरूर भरावेत. पण रिकाम्या जागा रंगाने भरत नाहीत.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नकोस. काही वर्षांपूर्वी मी सकाळी साडेआठला लेखनाचं सत्र ठेवलं. यादीतल्या निम्म्या मुली नाइट करून आलेल्या आहेत हे मी बघितलंच नव्हतं. एक मुलगी भिंतीला डोकं टेकून झोपली. मी तिला उठवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘विषय आवडला नाही वाटतं?’ ती म्हणाली, ‘तसं नाही मॅडम, खुर्ची आवडली. बारा तासांत पहिल्यांदा बसले.’ तेव्हापासून मी आधी ड्युटीचा तक्ता मागते, तारीख मग देते. बदली माणूस मिळत नसेल तर मी येत नाही, असं स्पष्ट सांगते. दोनदा निमंत्रण हुकलं. हुकू दे.

तुझ्या वरिष्ठांना सुचवायचंच असेल तर हे सुचव. केनेथ श्वार्ट्झ नावाचे बोस्टनचे वकील होते, चाळिशीत फुप्फुसाच्या कर्करोगाने १९९५ साली गेले. आजारपणात त्यांना जाणवलं की काही जण पाच मिनिटं माणसासारखे वागतात आणि त्याने सोसणं हलकं होतं. पण असं वागणाऱ्यांना कोण सांभाळतं? त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेने १९९७च्या सुमाराला ‘श्वार्ट्झ राउंड’ सुरू केले, आणि आता ते बऱ्याच देशांत होतात. महिन्यातून तासभर, कामाच्या वेळात, वेगवेगळ्या हुद्द्यांची तीन-चार माणसं एका विषयावर आपला अनुभव सांगतात. ‘मी चुकले तो दिवस’, ‘न विसरता येणारा पेशंट’, असे विषय. मग बाकीचे बोलतात. तोडगा काढायचा नाही, चूक कुणाची हे ठरवायचं नाही. मी असं एक सत्र चालवलं, त्यात कन्सल्टंट आणि सफाई करणारे मामा एकाच पेशंटबद्दल बोलले. त्या पेशंटला शेवटपर्यंत कुणी भेटायला आलं नव्हतं, हे फक्त मामांना माहीत होतं.

फोटो काढायचे नाहीत, हेही सुचव.

प्रश्न : मी मेडिसिनमध्ये लेक्चरर आहे. वीस इंटर्नसाठी दोन तासांची लेखन-कार्यशाळा घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चाळीस स्लाइड तयार आहेत. एचओडी (विभागप्रमुख) सरही बसणार आहेत. काही सूचना?

उत्तर : स्लाइड काढून टाका. सगळ्या. मग वीस जणांचे दोन गट करा, वेगवेगळ्या दिवशी. बारापेक्षा जास्त माणसं असली की वाचून दाखवायला वेळ पुरत नाही, आणि न वाचलेलं लिखाण म्हणजे घेतलेली पण कुणी न ऐकलेली पेशंटची हिस्ट्री. खुर्च्या गोलात. एचओडी सर येणार असतील तर आनंदाने येऊ द्या, पण तेही लिहितील आणि तेच आधी वाचतील. हे त्यांना आदल्या दिवशी सांगा. बहुतेक वेळा त्यांना अचानक मीटिंग निघते.

मुलांना काय लिहायला द्यायचं? कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. रीटा शॅरन यांची एक कल्पना मला फार कामाची वाटते. त्यांनी तिथे २००० साली ‘नॅरेटिव्ह मेडिसिन’चा उपक्रम उभा केला. शॅरन विद्यार्थ्यांना एक समांतर केसपेपर ठेवायला सांगत. या पेशंटला बघून तुम्हाला याच आजाराने गेलेले आपले आजोबा आठवले, तर ते रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिता येत नाही. पण कुठे तरी लिहायला हवं. तेवढ्यासाठी हा दुसरा कागद. त्यात मनातल्या उमाळ्याची डायरी नको, एकाच पेशंटबद्दल लिहायचं.

पहिल्याच दिवशी एवढं झेपणार नाही. म्हणून पंचावन्न शब्दांची गोष्ट द्या. हा प्रकार वैद्यकीय शिक्षणात चांगला रुळलाय: मोजून पंचावन्न शब्द, एक कमी नाही, एक जास्त नाही. गंमत अशी की शब्द मोजायच्या नादात मुलं ‘भावनिक’ व्हायचं विसरतात आणि विशेषणं आपोआप गळतात. विषय हाताला लागेल असा द्या. ‘मृत्यू’ देऊ नका, ‘खिसा’ द्या. ‘करुणा’ देऊ नका, ‘लिफ्ट’ द्या. ज्या भाषेत घाबरल्यावर बोलता त्या भाषेत लिहा, असं मी सांगते. ‘खिसा’ या विषयावर एका इंटर्नने लिहिलेलं त्याच्या परवानगीने आणि ओळख पटण्यासारखं सगळं बदलून देते (‘डिक्लेअर करणं’ म्हणजे पेशंट गेल्याचं डॉक्टरने तपासून जाहीर करणं):

‘पहाटे तीनला कॉल आला. डिक्लेअर करायचं होतं. टॉर्च मारला, छाती ऐकली, वेळ लिहिली. फॉर्मवर नाव लिहिताना पेन उमटेना. मुलगा म्हणाला, सर, माझं देऊ? त्याचं पेन घेतलं. सही केली. सकाळी एप्रन धुवायला काढला तर खिशात ते पेन. निळं, टोपण चावलेलं. कुणी चावलं असेल, त्याने की त्याच्या वडिलांनी? परत द्यायला केसपेपरवर पत्ता आहे. मी अजून गेलेलो नाही.’

हे वाचल्यावर एका मुलीने ‘बिचारा’ म्हटलं. मी थांबवलं. बोलायचं ते लिखाणाबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल नाही: कुठला शब्द लक्षात राहिला, कुठे वेग बदलला, काय सांगितलं नाही. मग कुणी तरी म्हणालं, ‘यात पेशंट फक्त टोपणाला लागलेल्या दातांत आहे.’ त्यानंतर अर्धा मिनिट कुणी बोललं नाही. अशी शांतता झाली की लेक्चरर लोकांना ती भरून काढायची खाज सुटते. तुम्ही हात मांडीखाली घ्या.

ज्याला वाचायचं नाही त्याने वाचायचं नाही. कारण विचारायचं नाही. आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी संपवा.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. कार्यशाळेत माझ्या एका पेशंटवर लिहिलं, सगळ्यांना फार आवडलं. नाव बदललंय. मित्र म्हणतात, ऑनलाइन टाक. पण एका सहकाऱ्याने दुसऱ्याच ओळीला विचारलं, ‘हे ते क्रिकेटवाले काका ना?’

उत्तर : मग उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे. माणूस ओळखू येतो तो नावाने नाही, चालण्याने, एखाद्या शब्दाने, क्रिकेटने.

माझ्या हातून झालेलं सांगते. एका कार्यशाळेतलं लिखाण मी ओपीडीजवळच्या फलकावर लावलं होतं, नावं बदलून, मोठ्या कौतुकाने. दुसऱ्या दिवशी एक बाई त्यातल्या एका कागदापुढे बराच वेळ उभ्या दिसल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, ‘हे आमच्या ताईचं आहे ना?’ रागावल्या नव्हत्या. त्यांना त्याची एक प्रत हवी होती. त्यात लिहिलं होतं की पेशंट रात्री दिवा बंद करू देत नसे आणि घरच्यांना हे सांगू नका म्हणत असे. घरच्यांना ते आता कळलं होतं, फलकावरून. मी प्रत दिली. काय बोलले ते आठवत नाही. फलक त्याच दिवशी काढला.

तेव्हापासून खोलीत लिहिलेलं खोलीतच राहतं. बाहेर न्यायचं असेल तर पेशंटने स्वतः वाचून ‘चालेल’ म्हणायला हवं, तेही उपचार संपल्यावर. तुमच्याकडे रोज व्यायामाला येणारा माणूस तुम्हाला नाही कसं म्हणणार? आणि तोवर दुसरा एक मसुदा करून बघा. पेशंटचे सगळे तपशील काढले तर मागे तुमचं काय उरतं? बऱ्याचदा लिहायचं तेच असतं. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजेही बाहेर टाकणंच, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : २६ वर्षं सर्जरी करतोय. आता मला नाटकाच्या कार्यशाळेत बोलावलंय, माझ्याच रेसिडेंटसोबत. मला अभिनय येत नाही आणि हसं करून घ्यायचं वय राहिलेलं नाही.

उत्तर : सर, अभिनय येत नसेल तर उत्तमच. ज्यांना येतो ते फार वेळ खातात.

बहुधा तुमच्याकडे फोरम थिएटर असेल. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांनी हा प्रकार उभा केला, दबलेल्या माणसांना आपली अडचण रंगमंचावर मांडता यावी म्हणून. डॉक्टरांसाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्येही झालाय. एक छोटा प्रसंग करून दाखवतात, ज्याचा शेवट वाईट होतो. मग तोच पुन्हा सुरू करतात, आणि बघणाऱ्यांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून उठतो, एका पात्राची जागा घेतो आणि वेगळं वागून बघतो. प्रेक्षक असा कुणी उरतच नाही.

मी घेतलेल्या एका सत्रात प्रसंग असा होता: ऑपरेशननंतर सर्जन बाहेर येतो आणि गुंतागुंत झाल्याचं नातेवाइकांना सांगतो. एक ज्येष्ठ सर्जन, जवळपास तुमच्याच अनुभवाचे, नातेवाईक झाले. संवाद नव्हतेच, फक्त ऐकायचं होतं. सर्जन झाला होता त्यांचाच रेसिडेंट, आणि पोराने सरांची हुबेहूब नक्कल केली, अगदी मास्क हनुवटीखाली ओढण्यापर्यंत. सगळे हसले, सरही हसले. संपल्यावर ते म्हणाले, ‘तो काय म्हणाला ते मला सांगता येणार नाही. त्याचं एक पाऊल दाराकडे होतं, मी तेच बघत होतो.’ मग ते स्वतः सर्जन झाले आणि पुन्हा प्रसंग केला. या वेळी त्यांनी आधी खुर्ची शोधली. खोलीत एकच होती आणि तिच्यावर कुणाची तरी बॅग होती. बॅग खाली ठेवण्यातच सगळा प्रसंग बदलला.

एक जुना अभ्यास आहे, बेकमन आणि फ्रँकेल यांचा, १९८४चा. डॉक्टर पेशंटचं पहिलं सांगणं सरासरी अठराव्या सेकंदाला तोडतात, असं त्यांना दिसलं. मी नाटकात हे घड्याळ लावून मोजते. माझा स्वतःचा आकडा अकरा आला होता. मी २० वर्षं ‘ऐकायला शिका’ असं शिकवत होते.

एकच गोष्ट आयोजकांना आधी विचारा: नको असेल तर मधून उठता येईल का? नुकतंच घरात कुणी गेलेल्या माणसाला वाईट बातमीच्या प्रसंगात उभं केलेलं मी बघितलंय. तिथे थांबा म्हणायला कुणी उठलं नाही.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आईच्या आजारपणात दोन वर्षं रुग्णालयात काढली. तुमचे लेख वाचते. तुम्ही लोक आमच्यावर लिहिता, आमची पात्रं करता, आमच्यासारख्यांची चित्रं बघता. आम्हाला कधी बोलावता का?

उत्तर : फारसं नाही. खरं तेच सांगते.

पेशंटची भूमिका करणारी माणसं वैद्यकीय शिक्षणात जुनी आहेत. डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ सालीच लोकांना पेशंट व्हायला शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं होतं. पण त्या भूमिकेची संहिता लिहिणारे बहुतेक वेळा आमच्यातलेच.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा दोन जुन्या पेशंटना चित्राच्या सत्राला बोलावलं. बोलवायचं तर मानधन द्यायचं, आणि ‘अनुभव सांगा’ असं म्हणून त्यांना पुढे उभं करायचं नाही, गोलातच बसवायचं, एवढं ठरवलं होतं. चित्र तेच, पिकासोचं. डॉक्टरच्या घड्याळावरून नेहमीचा वाद रंगला. त्यांतल्या एक बाई, ज्यांनी पाच महिने अंथरुणावर काढले होते, बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘तिचा एक हात तर डॉक्टरने धरून ठेवलाय, आणि ती बाई लांबूनच कप पुढे करतेय. उठून बसवल्याशिवाय ती घेणार कसा?’

हे चित्र मी इतकी वर्षं दाखवतेय. मला तो कप नेहमी प्रेमळ वाटत आला होता. ‘कशावरून?’ असं कुणी मला विचारलंच नव्हतं.

पुढचं सत्र ठरतंय. तुमच्या पत्रावरचा फोन नंबर मी जपून ठेवलाय, तारीख कळवते. येताना कागद-पेन आणायची गरज नाही.